गव्हाणीतील सरकी : वऱ्हाडातील दुभत्या जनावरांच्या आहारातील स्निग्धांशाचा इतिहास (साखरखेर्डा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना मुख्यतः १७२४ च्या लढाईमुळे परिचित आहे. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात येथे झालेल्या संग्रामात मुबारिझखान मारला गेला, दक्षिणेत निजामाची सत्ता व्यवहारतः स्वतंत्र झाली आणि विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा असे नाव देण्यात आले. ते नाव कागदोपत्री राहिले. लोकांनी साखरखेर्डा सोडले नाही. या लढाईचे राजकीय परिणाम सर्वज्ञात आहेत. वऱ्हाड निजामाकडे राहिला, १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा असलेला कापूस पिकविणारा प्रांत म्हणून त्याची नव्याने घडण झाली. या घडणीचा शेतकऱ्याच्या गोठ्यावर काय परिणाम झाला, हा प्रश्न मात्र राजकीय इतिहासाच्या कक्षेबाहेर राहिला आहे.

महाराष्ट्राच्या दुग्धव्यवसायाचा विचार होतो तेव्हा पश्चिम महाराष्ट्र पुढे आणि विदर्भ मागे हे चित्र गृहीत धरले जाते. त्याची कारणे सांगताना पाण्याचा अभाव, स्थानिक जनावरांची कमी उत्पादकता व सहकाराची दुर्बलता यांचा उल्लेख होतो आणि बहुधा शेवटी ‘वऱ्हाडी शेतकऱ्याला दुभत्याची आवड नाही’ असे एक वाक्य जोडले जाते. पहिली तीन कारणे तपासून पाहता येतात. चौथे कारण हे कारण नसून शेरा आहे. प्रस्तुत निबंधात या शेऱ्याची तपासणी एका अगदी मर्यादित बाजूने केली आहे. दुभत्या जनावराच्या आहारातील स्निग्धांश, म्हणजे तेलाचा अंश, वऱ्हाडात कोठून येत होता, तो कोणाच्या मालकीचा होता आणि तो गव्हाणीतून कसा निघून गेला, हा येथील मुख्य विषय होय.

सरकी घरात होती तेव्हा

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोक मानतात. खामगाव, मलकापूर, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा भाग घाटाखाली; चिखली, मेहकर, सिंदखेड राजा हा चढउताराचा भाग घाटावर. साखरखेर्डा घाटावर येतो. दोन्ही भागांत कपाशी, म्हणजे पऱ्हाटी, आणि ज्वारी ही पिके जोडीने घेतली जात. या जोडीचा अर्थ माणसाच्या दृष्टीने वस्त्र आणि भाकर असा होता. जनावराच्या दृष्टीने तो सरकी आणि कडबा असा होता.

शेतातून वेचून आणलेल्या कापसाच्या वजनात रुईचा वाटा सुमारे एक-तृतीयांश असतो. उरलेला दोन-तृतीयांश वाटा सरकीचा. कापसाच्या इतिहासात ही साधी गोष्ट सहसा विसरली जाते, कारण इतिहास रुईच्या मागे मुंबईपर्यंत आणि तेथून लिव्हरपूलपर्यंत गेला. यांत्रिक जिनिंग येण्यापूर्वी लाकडी चरखीवर रुई आणि सरकी वेगळी करण्याचे काम गावातच, बहुतांशी स्त्रियांच्या हातून होई. रुई व्यापाऱ्याकडे जाई आणि सरकी घरात राही. तिचा काही भाग बियाणे म्हणून ठेवला जाई, बाकीचा भिजवून किंवा भरडून जनावरांना घातला जाई.

सरकीच्या गुणांविषयी शेतकऱ्याचा अनुभव आणि आजचे पृथक्करण यांत विसंगती नाही. अखंड सरकीत तेलाचे प्रमाण साधारणतः १८ ते २० टक्के, प्रथिने २० टक्क्यांहून अधिक आणि शिवाय भरपूर तंतुमय भाग असतो. ऊर्जा, प्रथिने आणि तंतू या तिन्ही गोष्टी एकाच दाण्यात देणारे खाद्य दुर्मीळ आहे. याउलट वाळलेल्या कडब्यात स्निग्धांश जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास असतो. पावसाळ्यात हिरवा चारा असताना जनावराला पानांतून थोडा अधिक स्निग्धांश मिळतो. पौषानंतर रान वाळले की तो आटतो. नेमक्या याच काळात वेचणी संपून घरात सरकी आलेली असे. वऱ्हाडच्या शेतीचक्रात चाऱ्याची उणीव आणि सरकीची उपलब्धता अशी एकमेकांना धरून होती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या व्यवस्थेचे चित्र फार रमणीय रंगविण्याचे कारण नाही. घरच्या सरकीवर पहिला हक्क बैलाचा होता, गाईचा नव्हे. वऱ्हाडातील गोवंश हा कामाचा गोवंश होता. गाय ही प्रथम बैलाची माता आणि नंतर दुधाची गाय. दूध व तूप यांसाठी म्हैस अधिक पसंत केली जाई. शिवाय ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडेच सरकी. भूमिहीनाच्या दारातील शेळीला ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीला सरकी दिली की दूध टिकते व लोणी घट्ट येते, हे ज्ञान सार्वत्रिक होते. जॉर्ज वॉट यांच्या भारतातील आर्थिक उत्पादनांच्या कोशात (१८८९ ते १८९३) जनावरांचे खाद्य म्हणून सरकीची नोंद आहे, ती याच व्यवहाराची.

चरखीकडून जिनिंगकडे

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) वऱ्हाडच्या कापसाला अचानक जागतिक महत्त्व आले. मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून गेला आणि १८७० मध्ये खामगावला त्याचा फाटा मिळाला. खामगावची बाजारपेठ इतकी मोठी झाली की अलीकडे स्वेन बेकर्ट यांनी कापसाचा जागतिक इतिहास लिहिताना (२०१४) या गावाला आपल्या विवेचनात आवर्जून स्थान दिले. पुढील तीस-चाळीस वर्षांत वऱ्हाडात जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने त्या पद्धतीस वैधानिक रूप आले.

या बदलाकडे इतिहासकारांनी अनेक अंगांनी पाहिले आहे. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ (१९९७) आणि मध्य भारतातील पशुधन व वसाहतवाद (२००४) या विषयांवरील ग्रंथांत कपाशीखालील क्षेत्राची वाढ, राखीव जंगले आणि चराईवरील निर्बंध यांमुळे गोधन कसे खालावले हे दाखविले आहे. कुरणे गेली हा त्यांच्या मांडणीचा गाभा असून तो मान्य करण्याजोगा आहे. मात्र कुरणाइतकीच महत्त्वाची एक गोष्ट त्याच काळात अधिक शांतपणे गेली. पूर्वी शेतकरी रुई विकत असे; आता तो सरकीसह कापूस विकू लागला. रुई वेगळी होण्याची जागा घराच्या ओसरीवरून कारखान्यात गेली आणि त्याबरोबर सरकीची मालकी शेतकऱ्याकडून जिनिंगवाल्याकडे गेली. यात कोणी कोणाची फसवणूक केली असे नव्हे. यंत्राने काम जलद होत होते, रोकड हातात येत होती. पण कापसाची गाडी खामगावला किंवा पुढे जालन्याला निघाली की तिच्यातील दोन-तृतीयांश वजन हे गोठ्यातील खाद्य होते, आणि ते परत आणायचे तर विकत आणावे लागणार होते.

कारखान्यात जमलेल्या या सरकीला विसाव्या शतकाच्या आरंभी एक दूरचे गिऱ्हाईक मिळाले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात तेलाच्या मोठ्या गिरण्या होत्या. त्या इजिप्तची आणि मुंबईहून येणारी सरकी गाळीत. भारतीय सरकी लव असलेली व तेलाने थोडी कमी म्हणून इजिप्तच्या सरकीपेक्षा स्वस्त विकली जाई. तेल साबण व खाद्य उद्योगाकडे जाई आणि मागे राहिलेली ढेप इंग्रज शेतकरी आपल्या गाईंना घाली. इंग्रजी पशुआहाराच्या पुस्तकांत या ढेपेला ‘बॉम्बे केक’ असे नावच पडले होते. मुंबईच्या पृष्ठप्रदेशात वऱ्हाड आणि खानदेश हे कापसाचे मोठे प्रांत होते, हे लक्षात घेता या नावामागील भूगोल स्पष्ट होतो.

जे. ए. व्होल्कर या कृषिरसायनशास्त्रज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात तेलबियांची निर्यात म्हणजे भारतीय जमिनीच्या सुपीकतेची निर्यात, असा विचार मांडला होता. त्याची दृष्टी खतावर होती: बी देशात राहिले तर ढेप जनावराला आणि शेण शेताला मिळेल. दुधाचा हिशेब त्याने केला नाही. तो त्या काळी करणेही सोपे नव्हते, कारण आहारातील तेलाचा दुधाशी नेमका संबंध काय, याविषयी खुद्द युरोपातच एकमत होण्यास पन्नास वर्षे लागली होती.

चरबी येते कोठून : एक युरोपीय वाद

१८४० च्या दशकात फ्रान्समधील द्युमा, बूसँगो व पायाँ यांचे मत असे होते की प्राण्याच्या शरीरातील व दुधातील चरबी ही वैरणीतील चरबीतूनच येते. वनस्पती निर्माण करतात, प्राणी फक्त वापरतात. जर्मनीत लीबिगने याला विरोध केला. गाय जितके लोणी देते तितकी चरबी तिने खाल्लेल्या गवतात नसतेच, तेव्हा ती पिष्ट व शर्करा यांपासून शरीरात तयार होत असली पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील प्रयोगशाळेत जॉर्डन व जेंटर यांनी १८९७ मध्ये तेल काढून घेतलेले खाद्य गाईला घालून पाहिले. गाईने खाल्लेल्या चरबीपेक्षा कितीतरी अधिक चरबी दुधातून दिली आणि लीबिगची बाजू खरी ठरली.

या निष्कर्षाचा एक सोयीस्कर अर्थ काढता येत होता व तो काढला गेला : गाय स्वतःच चरबी बनविते, मग खाद्यात तेल ठेवण्याचे कारण काय? तेल माणसाने घ्यावे, ढेप गाईने खावी. पण पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मेनार्ड, लूसली आदींनी १९२० ते १९४० च्या दशकांत केलेल्या प्रयोगांत खाद्यमिश्रणातील स्निग्धांश फार खाली गेला तर दूध थोडे घटते आणि तो वाढविला तर थोडे वाढते असे दिसले. आज या परिणामाचे स्पष्टीकरण देता येते. चरबीत पिष्टमय पदार्थांच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा असते. व्याल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत अधिक दूध देणारे जनावर जितके खाते त्याहून अधिक ऊर्जा दुधातून खर्च करते. पोटाची मर्यादा असल्याने कमी जागेत अधिक ऊर्जा देणारे खाद्य त्या वेळी उपयोगी पडते.

मात्र तेल मोकळे दिले तर परिणाम उलटतो. गाई-म्हशीच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि चाऱ्यातील तंतू पचविण्याचे काम तेच करतात. मोकळ्या तेलाचा थर तंतूंवर बसतो व अशा जंतूंना मारक ठरतो. चाऱ्याचे पचन मंदावते. दुसरे असे की जंतू तेलातील असंतृप्त मेदाम्ले संतृप्त करतात, हे रायझर यांनी १९५१ मध्ये दाखविले. ही क्रिया बिघडली, विशेषतः चारा कमी आणि खुराक जास्त असताना, तर मधल्या पायरीवर काही विशिष्ट मेदाम्ले तयार होतात व ती कासेत पोहोचून तेथील चरबीची निर्मितीच दडपतात. बाउमन व ग्रीनारी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या संशोधनातून हे स्पष्ट झाले. दुधाची फॅट वाढावी म्हणून म्हशीला तेल पाजणाऱ्याची फॅट कित्येकदा उतरते, ती यामुळे. एकूण आहाराच्या शुष्क पदार्थात स्निग्धांश सहा-सात टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हा संकेत याच अनुभवातून रूढ झाला आहे.

अखंड सरकीत हे तेल कठीण टरफलाच्या आत असते. रवंथ करताना दाणे थोडेथोडे फुटतात, तेल सावकाश सुटते आणि लव व टरफल यांतून तंतूही मिळतो. कडब्यावर पोसलेल्या जनावराला असे खाद्य घालणारी शेतकरीण कोटीपोटातील जंतूंविषयी काही जाणत नव्हती, पण जे करीत होती ते बरोबर होते.

तुपाचा कायदा : एक दुर्लक्षित पुरावा

वऱ्हाडात दुभत्या जनावरांना सरकी खरोखरच मोठ्या प्रमाणावर घातली जात होती काय, की हे केवळ आठवणींचे चित्र आहे? या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते, ते म्हणजे तुपाच्या शुद्धतेच्या मानकांत.

वनस्पती तूप बाजारात आल्यावर शुद्ध तुपात त्याची भेसळ होऊ लागली. भेसळ ओळखण्याची एक प्रमुख कसोटी म्हणजे रायकर्ट-माइसल मूल्य. लोण्याच्या चरबीत ब्युटिरिकसारखी लहान साखळीची, वाफेबरोबर निघून येणारी मेदाम्ले असतात. वनस्पती तेलांत ती जवळपास नसतात. मूल्य कमी आले की भेसळीचा संशय घ्यायचा, असा साधा नियम होता. परंतु गुजरातमधील काठेवाड, तसेच महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील कापूसपट्ट्यांतून आलेले निर्भेळ तूपही या कसोटीला उतरेना. लहान साखळीची मेदाम्ले कास स्वतः तयार करते, तर लांब साखळीची बरीचशी मेदाम्ले खाद्यातून येतात. जनावराच्या खाद्यात सरकी भरपूर असली की दुधातील लांब साखळीचा वाटा वाढतो, लहान साखळीचा घटतो व मूल्य खाली येते. शिवाय सरकीतेल ओळखण्यासाठी वापरली जाणारी हाल्फेन चाचणी अशा तुपात होकारार्थी येते, तेलाचा थेंबही त्यात मिसळलेला नसताना.

म्हणजे प्रामाणिक गवळी कायद्याच्या दृष्टीने भेसळखोर ठरण्याची पाळी आली. हा पेच सोडविण्यासाठी अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा (१९५४) व त्याखालील १९५५ चे नियम यांतील तुपाच्या मानकांत ‘कापूसपट्टा’ असा स्वतंत्र वर्ग करण्यात आला. त्या वर्गासाठी रायकर्ट-माइसल मूल्याची किमान मर्यादा इतर भागांपेक्षा कमी ठेवली गेली. अ‍ॅगमार्क प्रतवारीतही असाच भेद करण्यात आला. कापूसपट्टा कोणता, याची व्याख्याही उल्लेखनीय आहे. जेथे कापूस पिकतो तो प्रदेश, एवढ्यावर ती थांबत नाही. जेथे जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणावर खाऊ घातली जाते आणि राज्य शासनाने तसे अधिसूचित केले आहे, तो कापूसपट्टा.

इतिहासाच्या साधनांत या नोंदीचे मोल मोठे आहे. महसुली अहवाल शेतकऱ्याने काय पिकविले ते सांगतात, बाजाराचे आकडे त्याने काय विकले ते सांगतात. त्याने आपल्या म्हशीला काय घातले हे सांगणारे साधन विरळा. येथे ते तुपाच्या रसायनातच उमटले आणि रसायनज्ञांनी ते वाचून कायद्यात घातले. जिनिंगने सरकीची मालकी हिरावल्यानंतर अर्धशतक उलटले तरी कापूसपट्ट्यातील लोक सरकी मिळवून, प्रसंगी विकत आणून, दुभत्या जनावराला घालीत होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. ज्यांना दुभत्याची आवड नाही असे म्हटले जाते त्यांच्या तुपाने केंद्र सरकारला वेगळे मानक करावयास लावले.

तेल माणसाला की जनावराला

ज्या दशकात हे मानक झाले त्याच दशकात शासनाची दुसरी शाखा नेमक्या उलट दिशेने प्रयत्न करीत होती. स्वातंत्र्यानंतर देशात खाद्यतेलाची टंचाई होती. सरकी अखंड घालणे म्हणजे माणसाच्या तोंडचे तेल जनावराला देणे, अशी भूमिका नियोजनकारांनी घेतली. सरकी गाळण्यास उत्तेजन देण्यात आले आणि वनस्पती उद्योगाने सरकीचे तेल वापरल्यास अबकारी करात सवलत मिळू लागली. जनावराला ढेपेतून तेवढेच पोषण मिळते, असा युक्तिवाद केला जाई. प्रथिनांपुरता तो खरा होता. स्निग्धांशाच्या बाबतीत तो अपुरा होता, कारण घाण्यातून वा एक्स्पेलरमधून निघालेल्या ढेपेत सहा ते आठ टक्के तेल उरते. द्रावकाने काढलेल्या पेंडीत ते एक टक्क्याच्या आसपास येते.

या प्रश्नाला विदर्भातूनच एक वेगळे उत्तर आले होते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याला मगनवाडीत होते. तेथे जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली झवेरभाई पटेल यांनी तेलघाणीत सुधारणा केल्या. गावचे बी गावात गाळावे, तेल गावाने खावे आणि तेलकट ढेप गावच्या जनावराला मिळावी, हा त्यामागील विचार. त्यात माणूस व गाय यांच्यात निवड करण्याची वेळच येत नव्हती. परंतु कठीण टरफलाची, लव असलेली सरकी हे बैलघाण्याचे बी नव्हे. तीळ, जवस, करडई, भुईमूग यांना जे लागू पडले ते सरकीला लागू पडले नाही आणि वऱ्हाडात तर सरकीच मुख्य होती. मगनवाडीचा हा प्रयोग कापूसपट्ट्याच्या मध्यभागी असूनही कापसाच्या प्रश्नाला बगल देऊन गेला, असे म्हणणे भाग आहे.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. शेतकऱ्याने कापूस शासनाच्या यंत्रणेला विकावा, जिनिंग तिने करून घ्यावे व रुई आणि सरकी दोन्ही तिने विकाव्यात, अशी ही व्यवस्था सुमारे तीन दशके चालली. व्यापाऱ्याची जागा शासनाने घेतली. सरकी मात्र गावाबाहेरच राहिली. त्याच सुमारास, १९७० मध्ये, दुधाचा महापूर योजना सुरू झाली होती. तिच्यामुळे दुधाला फॅटवर दर मिळण्याची पद्धत दूरवर पोहोचली. एकाच राज्यात, एकाच काळात एक यंत्रणा कापसाबरोबर गावातील स्निग्धांश नेत होती आणि दुसरी यंत्रणा दुधातील स्निग्धांश मोजून त्यावर भाव ठरवीत होती. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहण्याचे काम दोन्ही खात्यांपैकी कोणाकडेच नव्हते.

आजची गव्हाण

१९९० नंतर सोयाबीनने घाटावरच्या शेतीचे रूप पालटले. कपाशी कमी झाली, ज्वारी त्याहून अधिक. ज्वारीबरोबर कडबा गेला आणि गव्हाणीत सोयाबीन, तूर, हरभरा यांचे कुटार आले. सोयाबीनच्या दाण्यातही १८ ते २० टक्के तेल असते. पण दाणा बाजारात जातो, द्रावकाच्या कारखान्यात त्याचे तेल निघते आणि पेंड मुख्यतः कोंबडीखाद्याकडे व परदेशी वळते. कपाशीत २००२ मध्ये बीटी वाण आले. शेजारच्या जालन्यातील महिको ही कंपनी त्यात अग्रभागी होती. बीटी संकरित बियाणे दरवर्षी पाकिटातून घ्यावे लागत असल्याने बियाण्यासाठी सरकी राखून ठेवण्याचे उरलेसुरले कारणही संपले. सरकी ढेपेचे वायदे नवी दिल्ली-मुंबईच्या पडद्यांवर होऊ लागले. राष्ट्रीय कृषिमाल विनिमय बाजाराने त्यासाठी आधारभूत केंद्र म्हणून निवडले ते अकोला. वऱ्हाडातील ढेपेचा भाव देशाचा भाव झाला, पण तो वऱ्हाडातील दूधउत्पादकाच्या आवाक्यातला असावा असे काही त्या व्यवस्थेत नाही.

दरम्यान पशुआहारशास्त्राने कोटीपोटाला वळसा घालणारी चरबी तयार केली. ऑस्ट्रेलियात स्कॉट व कुक यांनी १९७० मध्ये फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया केलेल्या प्रथिनांच्या आवरणात तेल बंद करून दाखविले. १९८० च्या दशकात पामक्विस्ट व जेंकिन्स यांच्या अभ्यासातून मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार, सोप्या भाषेत चुन्याचा साबण, हे अधिक स्वस्त रूप पुढे आले. हा पदार्थ कोटीपोटात विरघळत नाही, जंतूंना त्रास देत नाही आणि पुढील आम्लधर्मी पोटात फुटून पचतो. यालाच आपल्याकडे ‘बायपास फॅट’ म्हणतात. त्यासाठी लागणारी मेदाम्ले बहुतांशी पाम तेलाच्या शुद्धीकरणातून मिळतात आणि पाम तेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून येते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२४) दोन्ही विभागांतील सर्व १९ जिल्हे घेण्यात आले असून दुधातील फॅट व एसएनएफ वाढविणाऱ्या पूरक खाद्याचा अनुदानित पुरवठा हा त्यातील एक घटक आहे.

या खाद्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. दिवसाला बारा-पंधरा लिटर देणाऱ्या संकरित गाईला किंवा चांगल्या म्हशीला व्याल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत त्याचा लाभ होतो. दूध वाढते, अंगावरील मांस कमी झडते व जनावर पुन्हा वेळेवर माजावर येण्यास मदत होते. दोन-तीन लिटर देणाऱ्या गावठी गाईला मात्र ते देणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. तिची उणीव चाऱ्याची आहे. कुटार आणि खुराक यांवरच जनावर ठेवून वरून चरबी दिली तर फॅट वाढण्याऐवजी उतरू शकते, हेही वर आलेच आहे. सरकीबाबतही मर्यादा आहेत. तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य प्रौढ जनावराच्या कोटीपोटात बरेचसे निष्प्रभ होत असले तरी वासराला बाधते. ओलसर जागी साठविलेल्या सरकीवर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन दुधात उतरते. दिवसाला दोन-तीन किलोच्या पुढे ती घालू नये.

बायपास फॅटची रोजची मात्रा साधारणतः १०० ते २०० ग्रॅम सांगितली जाते. अर्ध्या ते एक किलो सरकीत तेल असते ९० ते २०० ग्रॅम. साखरखेर्ड्याहून एक क्विंटल कापूस जिनिंगला जातो तेव्हा त्याबरोबर सुमारे ६५ किलो सरकी आणि तिच्यातील बारा किलोच्या आसपास तेल जाते. एका दुभत्या म्हशीची व्याल्यानंतरची दोन महिन्यांची गरज त्यातून सरासरी मात्रेने भागली असती.